रानडुकरांमधला इन्फ्लुएंझा तपासताय? या चुका टाळा

रानडुकरांच्या कळपात इन्फ्लुएंझा ए (स्वाइन फ्लूचा विषाणू) शोधताना सर्वांत महागात पडते ते फक्त नाकाच्या स्वॅबवर विसंबणे. लागण झालेले डुक्कर जेमतेम ५ ते ७ दिवस नाकावाटे विषाणू टाकते. रक्तातली प्रतिपिंडे मात्र कित्येक महिने टिकतात. पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आणि एलायझा (रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आले, तर लगेच प्रयोगशाळेला दोष देऊ नका. बहुधा लागण होऊन गेलेली असते. म्हणून प्रत्येक जनावराचा स्वॅबही घ्या आणि रक्तही. फक्त ३-४ महिन्यांच्या आतल्या पिल्लांच्या बाबतीत सावध राहा, त्यांच्यातली प्रतिपिंडे आईच्या चिकातून आलेली असू शकतात.

तीस स्वॅब निगेटिव्ह आले, की अहवालात 'कळप रोगमुक्त' असे लिहून मोकळे होतात. हे चूक आहे. १० टक्के जनावरे विषाणू टाकत असतील, तर त्यातले एखादे ३० नमुन्यांत सापडण्याची खात्री ९५ टक्के असते. प्रमाण १ टक्का असेल, तर सुमारे ३०० नमुने लागतात.

लाकडी काडीचा कापसाचा स्वॅब नको, पीसीआर अडतो, पॉलिस्टरचा घ्या. नाकपुडीवरचा चिखल आधी पुसा. डोक्यात गोळी लागलेल्या जनावराच्या नाकात रक्त साचते आणि तेही पीसीआरला मारक. अशा वेळी श्वासनलिका उघडून आतून स्वॅब घ्या, सोबत फुफ्फुसाचा तुकडा. फुफ्फुसाच्या पुढच्या, खालच्या बाजूच्या पाळ्या नीट पाहा: जांभळट लाल, यकृतासारखा घट्ट भाग दिसला, तर तो आणि गुलाबी भाग जिथे भिडतात तिथला तुकडा कापा. काहीच दिसले नाही तरी नमुना घ्याच.

नळ्या ४ अंशांवर ठेवून ७२ तासांत पोचवा. ते जमणार नसेल तर उणे ७० अंश. साध्या फ्रीझरच्या उणे २० अंशांत जिवंत विषाणू टिकत नाही आणि संवर्धन (प्रयोगशाळेत विषाणू वाढवणे) फसते.

एचआय चाचणीत (प्रतिपिंडे विषाणूला रक्तपेशींचे गोळे करण्यापासून रोखतात का, ते पाहणारी चाचणी) सगळेच सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) पॉझिटिव्ह दिसू लागले, तर आरडीई प्रक्रिया (खोटे पॉझिटिव्ह देणारे सीरममधले घटक विकराने काढणे) राहिली असावी: रात्रभर ३७ अंश, मग ५६ अंशांवर ३० मिनिटे. सगळेच निगेटिव्ह असतील, तर अँटिजेन (चाचणीत वापरलेला विषाणू) त्या भागात फिरणाऱ्या स्ट्रेनशी (विषाणूच्या उपप्रकाराशी) जुळते का, ते तपासा.

स्वाइन फ्लू आणि स्वाइन फीवर (वेगळ्याच विषाणूंमुळे होणारा डुकरांचा ताप) यांची गल्लत नको. रानडुकरे पटापट मरत असतील, तर आधी आफ्रिकन स्वाइन फीवरची तपासणी करा. फ्लूने इतकी मर सहसा होत नाही.

ताप-सर्दी असलेल्या माणसाने नमुने घेऊ नयेत. २००९ चा एच१एन१ माणसांकडून डुकरांत अनेकदा गेला आहे, शिवाय तुमचाच विषाणू नळीत उतरू शकतो.