पावसाळी पाण्याचं नियोजन: वरच्या आणि खालच्या लेआउटला एका नकाशावर कसं आणायचं

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. असं काही झालं की पहिली मागणी येते ती नाली मोठी करण्याची. पण वरच्या लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीची, नाली मोठी केली की तेच पाणी खालच्या वस्तीत लवकर आणि एकदम पोचतं. म्हणून रहिवाशांची बैठक बोलावण्याआधी हद्द ठरवा, आणि ती प्रभागाची नाही तर उताराची धरा. नाल्यापासून उलटं वर चालत जा. ज्या छतांचं, रस्त्यांचं, मैदानांचं पाणी त्यात उतरतं ती सगळी घरं या कामात हवीत. नाला नागनदीला मिळतो, पिवळी नदीला की पोहरा नदीला, हेही पाहून ठेवा.

पाहणी जुलै ते सप्टेंबर, भर पावसात करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आराखडा ठरवा आणि डिसेंबरपर्यंत मनपाच्या झोन ऑफिसला लेखी द्या, म्हणजे मनपाच्या पुढच्या अंदाजपत्रकाआधी तो विचारात येऊ शकतो. मे महिन्यात निवेदन दिलं तर गाळ काढण्यापलीकडे काही होत नाही.

१:५०० प्रमाणाचा मोठा नकाशा छापून घ्या. त्यावर ५०० मीटर लांबीचा रस्ता एक मीटरचा दिसतो आणि प्रत्येकाला आपलं घर सापडतं. ‘पाणी कुठं तुंबतं?’ एवढंच विचारू नका. चार गोष्टी विचारा: पाणी कोणत्या बाजूनं आलं, घोट्यापर्यंत चढलं की टोंगळ्यापर्यंत, पाऊस थांबल्यावर किती वेळानं ओसरलं, आणि संडासातून उलटं आलं का. तासाभरात ओसरलं तर नाली अपुरी आहे किंवा तिची जाळी कचऱ्यानं बुजली आहे. दुसऱ्या दिवशीही साचून असेल तर उतारच नाही. संडासातून आलं तर पावसाचं पाणी गडर लाइनमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या भूमिगत नळीत, शिरतंय, आणि तिथं नाली रुंद करून उपयोग नाही. उलट प्रकारही पाहा: भर उन्हाळ्यात दुपारी पावसाळी नाली वाहत असेल तर कुणाचं तरी सांडपाणी तिला जोडलेलं आहे.

बैठकीत बोलतात ते बहुतेक वरच्या मजल्यावरचे. तळमजल्याचे भाडेकरू, किराणा दुकानदार, नाल्याकाठची कुटुंबं यांच्या दारात जाऊन विचारा. बैठकही खालच्या वस्तीत, संध्याकाळी साडेसातनंतर ठेवा.

आता मोजमाप. सिमेंट रोड झाल्यावर कित्येक घरांचे उंबरठे रस्त्याखाली गेले आहेत, पण किती, हे डोळ्यांना नीट कळत नाही. गवंड्याचा पंधरा मीटरचा पारदर्शक लेव्हल पाइप घ्या आणि पाण्यानं भरा. आतला हवेचा प्रत्येक बुडबुडा काढा, नाहीतर माप चुकतं. एक टोक रस्त्याच्या मधोमध, दुसरं उंबरठ्याशी धरा, पाण्याच्या पातळीपासून रस्ता आणि उंबरठा किती खाली आहेत ते मोजा, आणि फरक सेंटिमीटरमध्ये नकाशावर लिहा. हे काम घरमालकासमोर केलं की पुढचा वाद निम्म्यानं कमी होतो.

पाण्याचा हिशेबही बैठकीतच मांडा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे ९३ चौरस मीटर छतावर ५० मिलिमीटर पडला की सुमारे ४,६५० लिटर होतं. अशी पन्नास घरं म्हणजे सव्वादोन लाख लिटरच्या वर. नाल्यात ‘वरून’ येणाऱ्या पाण्यात आपल्या छताचाही वाटा आहे, हे आकड्यानंच पटतं.

हे छताचं पाणी जमिनीत मुरवायच्या शोषखड्ड्याच्या बाबतीत मात्र घाई नको. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, तेव्हा ओतलेलं पाणी झटकन गायब होतं. पावसात तीच माती फुगून भेगा मिटवते आणि पाणी वरच राहतं. म्हणून चाचणी पावसाळ्यातच घ्या. जिथवर खड्डा नेणार तितक्या खोलीवर ३० सेंटिमीटरचा चौकोनी खळगा करा, भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा भरून दर अर्ध्या तासाला पातळी मोजा. तासाला १२ मिलिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जा. मुरूम हाती लागत नसेल तर तिथं टाकी बांधा. खड्डा घराच्या पायापासून किमान तीन मीटर लांब हवा, आणि त्याआधी ६० सेंटिमीटरचा गाळ-चेंबर हवाच. दीड बाय दीड बाय दोन मीटरच्या खड्ड्यात साडेचार हजार लिटर मावेल असं धरू नका. गिट्टी भरल्यावर जेमतेम १,८०० लिटरची जागा उरते. रस्त्याचं पाणी बोरवेलमध्ये कधीही सोडू नका. त्यात तेल आणि सांडपाणी दोन्ही असतं.

आराखड्यासोबत देखभालीचा कागदही त्याच बैठकीत लिहा. कोणत्या जाळीसमोरचा कचरा कोण काढणार, गाळ-चेंबर महिन्यातून कधी उघडणार, आणि आजूबाजूचे कोण सह्या करणार. रहिवाशांचं काम जाळीपर्यंतच आहे. संरक्षक साधनांशिवाय गडर साफ करायला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बंद आहे, तिथं मनपाची मशीनच बोलवा. काढलेला गाळ उचलण्याचा दिवसही कागदावर घ्या, कारण काठावर सोडलेला ढीग पहिल्या सरीत परत नालीत जातो.