द्रवस्फटिकातील नॅनोकणांच्या गुठळ्या मी कशा दूर केल्या

५सीबी या नेमॅटिक द्रवस्फटिकात (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू साधारण एकाच दिशेने रचलेला पदार्थ) मी सोन्याचे नॅनोकण मिसळले, तेव्हा ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली एकसंध रंगाऐवजी गुठळ्या दिसल्या आणि एरवी सुमारे ३५ अंश सेल्सिअसला ठळकपणे होणारे समदिक् अवस्थेकडचे (रेणूंना ठरावीक दिशा नसलेल्या साध्या द्रवाकडचे) संक्रमण दोन-तीन अंशांत पसरले. नेमॅटिक अवस्थेत रेणूंची समांतर मांडणी कणांभोवती वाकते आणि ती विकृती कमी करण्यासाठी कण एकत्र येतात, हे मी लक्षातच घेतले नव्हते.

म्हणून थायॉलचे (सोन्याला चिकटणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचे) आवरण असलेले कण टोल्युइन या द्रावकात विखरून द्रवस्फटिकात मिसळले, त्यांचे प्रमाण बरेच कमी केले आणि मिश्रण ४५ अंशांवर, म्हणजे समदिक् अवस्थेतच, श्राव्यातीत लहरींनी ढवळले. टोल्युइन मात्र पूर्णपणे उडवावेच लागते; त्याचा अंशही संक्रमण तापमान उतरवतो आणि तो परिणाम कणांचाच वाटतो. त्यानंतर नमुना अगदी सावकाश थंड केल्यावर रंग एकसारखा आला.