स्वालबार्डला जायचंय? मग असं जा की गावाला पैसा मिळेल आणि निसर्गाची वाट लागणार नाही

अरोरा आणि पोलर बेअरचे रील्स बघून हल्ली आपल्याकडेही लोक विचारायला लागलेत की स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर, कसं जायचं, आणि लगेच कोणीतरी खाली लिहितो की जाऊच नका, बर्फ वितळतोय तिकडचा. बर्फ वितळतोय हे खरंय, पण तिथल्या मुख्य गावाचं, लाँगइयरबीनचं, पोट आता बऱ्यापैकी टुरिझमवर आहे हेही खरंय. हे ७८ अंश उत्तरेचं गाव १९०६ मध्ये एका अमेरिकन माणसाने कोळशासाठी वसवलं, त्यानंतर शंभरेक वर्षं ते कोळशावरच जगलं. २०२३ मध्ये कोळशाचं वीजघर बंद झालं (आणि त्याच्या जागी काय आलं, तर डिझेल, आता बोला!) आणि २०२५ च्या जूनमध्ये नॉर्वेची तिथली शेवटची कोळशाची खाण, खाण नंबर ७, तीसुद्धा बंद झाली. आता उरलं संशोधन, युनिव्हर्सिटी सेंटर आणि आलेगेले पाहुणे. त्यामुळे प्रश्न जायचं की नाही हा नाहीच, कसं जायचं हा आहे.

सगळ्यात आधी मोठ्या क्रूझचा विचार डोक्यातून काढा. गावाची वस्ती अडीच हजारांच्या आसपास आणि एकेका मोठ्या जहाजातून त्याहून जास्त माणसं एका दमात उतरतात, दोन-चार तास फिरतात, एखादा मॅग्नेट घेतात आणि जेवायला परत जहाजावर. गावाला त्यातून मिळतं काय, गर्दी आणि धूर. नॉर्वेने हे ओळखलंय, २०२२ पासून तिथल्या समुद्रात हेवी फ्युएल ऑइल (जहाजांचं जाड, घाण इंधन) बंद आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज नेताच येत नाही, बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं तर तेही त्या भागात ४३ ठरलेल्या जागांवरच. बेटांचा साधारण ६५ टक्के भूभाग संरक्षित आहे, म्हणजे मोठ्या जहाजाच्या डेकवरून तुम्हाला खरं स्वालबार्ड फार कमी दिसणार आणि पैसे मात्र पूर्ण जाणार.

त्यापेक्षा विमानाने लाँगइयरबीनला जा, गावातच राहा, गावातल्याच गाइडकडून दिवसाच्या ट्रिपा घ्या. हॉटेल, गाइड, जेवण, दुकान, पैसा तिथेच फिरतो. तिकिटात १५० क्रोनर पर्यावरण फंडाचे असतात, तेही तिथल्याच कामांना जातात. आता कोणी म्हणेल विमानाचं प्रदूषण केवढं, तर हो, पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात मोठा वाटा त्याचाच आणि त्यावर जादूचा उपाय नाही, एवढंच करता येतं की एकदाच जा आणि नीट आठवडाभर राहा, दोन रात्रींसाठी एवढ्या लांब उडू नका. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ असतो तेव्हा स्नोमोबाइलऐवजी कुत्र्यांची स्लेज घ्या, उन्हाळ्यात फियॉर्डमध्ये (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या खाडीत) फिरायला बॅटरीवर चालणाऱ्या हायब्रीड बोटी आहेत, बुक करताना तसं स्पष्ट विचारा, लाजू नका.

पोलर बेअर. इथे लोक ऐकत नाहीत. अस्वलापासून कमीत कमी ३०० मीटर लांब राहायचं आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर, हा कायदा आहे, सल्ला नाही. ५०० मीटरवरून मोबाइलमध्ये अस्वल म्हणजे पिवळट ठिपका दिसतो, हे मनाला आधीच सांगून ठेवा किंवा दुर्बीण न्या. "जवळून दाखवतो" म्हणणारा ऑपरेटर असेल तर तिथेच नमस्कार करून निघा. कारण अस्वल अंगावर आलं की शेवटी बंदूक निघते आणि मरतं अस्वल, चूक माणसाची असली तरी. गावाबाहेर गाइडशिवाय एकट्याने भटकायचं नाही हेही त्यातच आलं.

जायच्या आधी घरी एक काम करा, शूज नीट घासा. सह्याद्रीत ट्रेकला वापरलेले शूज असतील तर लेसमध्ये, सोलच्या खाचांत, पँटच्या वेलक्रोमध्ये कुसळं अडकलेली असतात, चिमट्याने एकेक काढा आणि बॅगेचे कप्पेसुद्धा उलटे करून झटका. तिथे एअरपोर्टवर प्रवाशांचे शूज तपासून संशोधकांनी बिया गोळा केल्या होत्या आणि त्यातल्या काही रुजल्यासुद्धा, म्हणजे हा काही फालतू सोवळेपणा नाही. बाकी शूज गावात हॉटेलच्या, म्युझियमच्या दाराशीच काढायचे असतात, खाणकामगारांच्या बुटांना कोळशाची धूळ असायची तेव्हापासूनची पद्धत, आपल्याला काय, सवयच आहे. फक्त मोजे बिनभोकाचे न्या.

काही उचलायचं नाही. गंजका खिळा, मोडकी फळी, जुनं व्हेलचं हाड, तिथे कचरा वाटतो पण १९४६ च्या आधीचं माणसाने सोडलेलं जवळजवळ सगळं वारसा म्हणून संरक्षित आहे. ड्रोन तर घरीच ठेवा, संरक्षित भागात बंदी आणि एअरपोर्टपासून ५ किलोमीटरच्या आतही बंदी, गाव त्या टप्प्यातच येतं.

जमलं तर छोट्या बोटीने न्यू-ऑलसुंद हे तिथलंच दुसरं छोटं गाव बघा. तीही आधी कोळशाची खाणच, १९६२ च्या स्फोटात २१ माणसं गेली आणि १९६३ मध्ये खाण बंद झाली, आज तिथे अनेक देशांची संशोधन केंद्रं आहेत आणि त्यात आपलं, भारताचं केंद्र हिमाद्री, २००८ पासून, गोव्यात वास्कोला असलेली ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. खाण बंद झाल्यावर गावाचं काय करायचं याचं मला तरी हेच सगळ्यात पटणारं उदाहरण वाटतं. तिथे पोचायच्या आधी वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायचे, आजूबाजूच्या वेधशाळेच्या उपकरणांना त्रास होतो.

आता व्हिसा. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही पण ते शेंगेनच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाच्या भागाच्या) बाहेर आहे आणि विमान नॉर्वेतल्या ओस्लो किंवा ट्रोम्सोहूनच, म्हणून शेंगेन व्हिसा डबल किंवा मल्टिपल एंट्रीचाच मागा, सिंगल घेतलात तर जाताना जाल आणि येताना लटकाल.