माउंटन टेलरबर्ड शोधताना या चुका टाळा

थायलंड-मलेशियाच्या डोंगरात गेलेले आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक या जेमतेम 11-12 सेंमीच्या पक्ष्यापाशी हमखास फसतात. नावात टेलरबर्ड आहे म्हणून ते बागेतला शिंपीच शोधत बसतात. हा मुळात शिंप्यांच्या घराण्यातलाच नाही. जनुकीय अभ्यासानंतर त्याला शिंप्यांच्या ऑर्थोटोमस गटातून काढून सेटिडी कुळातल्या फिलर्गेटिस गटात टाकलंय.

तांबूस डोकं दिसलं की नाव ठोकून मोकळं होणं, ही सगळ्यात मोठी चूक. मलेशियातल्या फ्रेझर्स हिलला किंवा थायलंडमधल्या दोइ इंथनॉन डोंगरावर चेस्टनट-क्राउन्ड वॉर्बलर या दुसऱ्या चिमुकल्या पक्ष्याचंही डोकं तांबूसच असतं. त्याच्या टोपीच्या कडेला काळे पट्टे असतात, डोळ्याभोवती पांढरं कडं, पंखावर पिवळ्या रेघा आणि चोच आखूड. माउंटन टेलरबर्डची चोच लांब, सरळ. भुवई बारीक पांढरी, गळा-छाती फिकट राखाडी आणि पोट पिवळंजर्द. म्हणून आधी चोच, मग छाती आणि पोट, माथा सगळ्यात शेवटी. नुकत्याच उडू लागलेल्या पिल्लाच्या माथ्यावर तांबूस रंग नसतोच. मग ते बांबूत वावरणाऱ्या यलो-बेलीड वॉर्बलरसारखं वाटतं. पण त्या वॉर्बलरची भुवई रुंद आणि ठसठशीत असते.

पायथ्याला वेळ घालवू नका. हा साधारण 1000 मीटरच्या वरचा पक्षी. दोइ इंथनॉन 2565 मीटर उंच आहे, त्यामुळे वरच्या टप्प्यातल्या जंगलाच्या कडा, बांबूची बेटं आणि वेलींची जाळी धरा. मोकळ्या फांदीवर तो फार वेळ बसत नाही.

आपल्या शिंप्याच्या खणखणीत टोविट-टोविटची वाट पाहू नका. याची शीळ बारीक, खूप वरच्या पट्टीतली, चार ते सहा सुरांची आणि मध्येच घसरणारी. वय झालेल्या कानांना ती अनेकदा ऐकूच येत नाही; अशा वेळी तरुण सोबती बरा. स्पीकरवर त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवत राहिलात तर तो जाळीत आणखी आत सरकतो. जिथे परवानगी आहे तिथेही 10-15 सेकंद, फार तर दोनदा. विणीच्या काळात अजिबात नको.

फोटोत पानं लख्ख आणि पक्षी धूसर येतो, कारण फोकसचा चौकोन मोठा ठेवलेला असतो. एकच बारका बिंदू घ्या. शटरचा वेग 1/500 सेकंदाच्या खाली नको, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 3200 पर्यंत बिनधास्त चढवा. त्यामुळे फोटोत येणारे दाणे नंतर निघतात, हललेला पक्षी सुधारत नाही. एसी गाडीतून उतरल्यावर अर्धा तास कॅमेरा बॅगेतच राहू द्या, नाहीतर भिंगावर बाष्प धरतं.

हा पक्षी अरुणाचलातही आहे, पण तिथे घोटाळा वेगळा. ब्रॉड-बिल्ड वॉर्बलरचाही माथा तांबूस आणि पोट पिवळं. त्याचा गळा आणि छाती मात्र गडद राखाडी, चोच आखूड.