जुन्या ट्यूब अ‍ॅम्पची घरघर : पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

साठच्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा गिटार अ‍ॅम्प घरघरायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो : ट्यूब (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) बदला. मग अख्खा सेट येतो, खिसा रिकामा होतो आणि घरघर जिथल्या तिथे. बिघाड कुठे आहे हे न शोधता पार्ट बदलत सुटायचं, सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

आधी गिटारची केबल काढा. या अ‍ॅम्पचा इनपुट जॅक मोकळा असला की आपोआप ग्राउंडला जोडला जातो. त्यामुळे केबल काढल्यावर आवाज थांबला तर अ‍ॅम्पला दोष देऊ नका. गिटारचा सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग), केबल किंवा जवळचा एखादा चार्जर तपासा. आवाज चालूच राहिला तर व्हॉल्यूम फिरवा. त्याबरोबर तो कमीजास्त होत असेल तर त्याचं मूळ नॉबच्या आधी, म्हणजे त्या चॅनलच्या पहिल्या ट्यूबपाशी. नॉबला दाद देत नसेल तर पुढे कुठेतरी.

सगळ्या घरघरी सारख्या नसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ती एकाच दिशेनं वाहती करणाऱ्या रेक्टिफायरनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची. सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट वाजवा, तो जी ९८ हर्ट्झचा. अ‍ॅम्पची गुणगुण साधारण त्या सुराला लागत असेल तर संशय ही लहर सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर घ्या. दोन ६व्ही६, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबपैकी एक थकली असेल तरी हाच सूर निघतो, म्हणून त्यांची आपसात अदलाबदल करून नव्हे, जुळलेली जोडी लावून बघा. गुणगुण एक सप्तक खाली असेल तर ट्यूब तापवणाऱ्या हीटरची वायरिंग किंवा ग्राउंड लूप (ग्राउंडला एकाहून जास्त वाटांनी झालेली जोडणी). फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येत असेल तर मात्र गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पमधले जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर बघा, विशेषतः एक लाख ओहमचे प्लेट रेझिस्टर. ‘ओरिजिनल’ म्हणून ते जपणारे बरेच आहेत. माझ्या मते तडतडणारा रेझिस्टर काढून मेटल फिल्म लावल्यानं अ‍ॅम्पचं काही बिघडत नाही.

गुणगुण कमी होते म्हणून प्लगची अर्थ पिन काढणारे महाभाग आजही भेटतात. हे जिवाशी खेळणं आहे. या अमेरिकन अ‍ॅम्पना मुळात दोन पिनांची वायर होती आणि मेन्सपासून चासीपर्यंत (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) एक कपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला तर चासीवर, पर्यायानं गिटारच्या तारांवर, थेट वीज येऊ शकते. तो कपॅसिटर काढून तीन पिनांची वायर जाणकाराकडून बसवून घ्या. तेवढ्यावर थांबू नका. हा १२० व्होल्टचा अ‍ॅम्प २३० वर चालवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि अनेक स्वस्त डब्यांच्या आउटपुटला दोनच भोकं असतात. नवी अर्थची वायर मग तिथेच संपते. डबा अर्थसकट घ्या आणि अ‍ॅम्पपासून लांब ठेवा. चिकटून ठेवला तर त्याचीच गुणगुण आत शिरते.

ट्यूब मायक्रोफोनिक आहे का, म्हणजे धक्क्यानं आवाज करते का, हे बघायला कोरड्या लाकडी काडीनं काचेवर हलकेच टिचकी मारा. पेन्सिल नको, आतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते. प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूब थोडाफार आवाज करतातच. एखादी घुमत राहिली तर तीच बदला.

चासी उघडायची असेल तर प्लग काढून भागत नाही, कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. इन्सुलेटेड क्लिप लावलेला एक लाख ओहमचा, दोन-तीन वॅटचा रेझिस्टर एखाद-दोन मिनिटं जोडून ठेवा, मग मीटरनं मोजा. मीटर हाताळायची सवय नसेल तर इथेच थांबा.

नॉब करकरला तर कॉन्टॅक्ट क्लीनर, गंज सोडवायचा स्प्रे नव्हे. साफ करूनही करकर परत आली तर पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) बदलण्याआधी त्यावर डीसी येतोय का मोजा. डीसी अडवणारा आधीचा कपलिंग कपॅसिटर गळत असेल तर नवा पॉटही तसाच करकरेल.

आणि रिव्हर्बचा (घुमाऱ्याचा) नॉब शून्यावर आणताच गुणगुण जात असेल तर तळातली रिव्हर्बची पेटी उलटी बसवलेली आहे का बघा. तिचं आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या बाजूला हवं.