मुलांना ‘कसं आहे’ ते सांगायला शिकवताय? मग या चुका टाळा

श्रावणात मंडईत दोडका, दुधी, कणसं, अळू सगळं एकदम येतं, म्हणजे हाताला लावून, चाखून, नाचून विशेषणं शिकवायला याच्याएवढी चांगली वेळ नाही, तरी बालवाडीत काय आणि घरी काय, गाडी बहुतेक त्याच त्या ठिकाणी अडते.

पहिलं म्हणजे एका शब्दाला एकच वस्तू. दोडका दाखवला, ‘खरखरीत’ म्हणवून घेतलं, झालं! मग मुलाला वाटतं की खरखरीत हे दोडक्याचंच दुसरं नाव. म्हणून एका शब्दाला दोन-तीन वस्तू तरी घ्या, दोडका, करवंटीची बाहेरची बाजू, पायपुसणं, आणि शेजारी उलटं काहीतरी हवंच, दुधी किंवा वांगं. फ्लॅशकार्डवरचा दोडका मात्र नको, कागद गुळगुळीतच लागणार ना हाताला.

दुसरी चूक, वस्तू हातात पडायच्या आत ‘सांग बरं, कसं आहे हे?’ असं विचारायचं. माँटेसरी पद्धतीत, म्हणजे वस्तू हाताळत शिकवायच्या बालशिक्षणाच्या पद्धतीत, नवा शब्द शिकवायच्या तीन पायऱ्या आहेत. आधी आपण सांगायचं, ‘हे खरखरीत, हे गुळगुळीत’. मग विचारायचं, ‘खरखरीत कुठलं? मला दे’, इथे मूल बोललं नाही तरी चालतं, हाताने उत्तर देतं. आणि हे जमलं की मगच ‘हे कसं आहे?’. आपण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि वर म्हणतो मूल बोलत नाही. अडलं तर मागच्या पायरीवर जा, न रागावता.

महागडं साहित्यही लागत नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मधे बोर्डी गावात (आता पालघर जिल्ह्यात) बालवाडी सुरू केली, तिथे आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच भर होता.

माझं ऐकाल तर एका दिवशी फक्त कणीस घ्या. सोलून देऊ नका, मुलांनाच सोलू दे. वरची पानं खरखरीत, आतली फिकट आणि नरम, केस मऊ पण जरासे चिकट, दाणे टपोरे. दाण्यात नख रुतवलं आणि दूध आलं तर कोवळं, नाही आलं तर जून. मग भाजा, गरमागरम, मीठ-लिंबू लावलं की खारट, आंबट! एवढ्या शब्दांतले दोन-तीनच त्या दिवशी पक्के करायचे, बाकीचे कानावर पडू देत.

गाण्याचं म्हणाल तर मोबाईलवर लावलेलं गाणं फार पळतं, ‘जड’ शब्द येऊन गेलेला असतो आणि मुलं अजून वाकतच असतात. तुम्हीच म्हणा, ‘भोपळा जड जड जड, उचलू चला’ अशी साधी ओळ, सावकाश, वाकून, पाय ओढत, आणि मग नागपंचमीच्या लाह्या, ‘लाही हलकी हलकी’ म्हणत टाचा उचलून बोटांवर. खरा भोपळा आणि खऱ्या लाह्या आधी हातात घेऊ द्या, नाहीतर ते नुसतं नाचणं होतं.

‘मोठा कणीस’ म्हटलं की लगेच टोकू नका हो. ‘हो, केवढं मोठं कणीस!’ एवढंच म्हणा आणि पुढे चला. दोडका मोठा, काकडी मोठी, कणीस मोठं, हे ऐकून ऐकूनच बसतं.

आणि सगळ्याला ‘छान’ म्हणणं आपणच आधी सोडूया. हिरवागार, पिवळाधमक, आंबटढाण, कोरडाठाक, हे शब्द लहानांना जड जातील असं वाटतं पण मुलांना ते म्हणायला भारी आवडतात. अळूचं पान पाण्यात बुडवून वर काढा, थेंब घरंगळून जातात आणि पान कोरडंच! शेजारी रुमाल बुडवा, तो ओलाचिंब. मुलं पुन्हा पुन्हा करायला लावतात. फक्त अळूच्या देठाचा चीक हाताला लागू देऊ नका, खाज सुटते.

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर चिंचोके, जांभळाच्या बिया, मक्याचे सुटे दाणे आणि लाह्यासुद्धा त्याच्या हाताशी ठेवू नका, तोंडात जाऊन घशात अडकतात. त्यांच्यासाठी अख्खं कणीस, दुधी, भोपळा बास, आणि तेव्हाही कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं.