क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घालायचं? नाशिकहून निघताना या चुका टाळा

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतली क्रूझ बुक झाली की टूरवाल्यांच्या पत्रकात एक ओळ हमखास येते: रात्रीच्या जेवणाला स्मार्ट कॅज्युअल (म्हणजे साधे पण नीटनेटके कपडे), एक रात्र फॉर्मल. मग घरात धावपळ सुरू होते. कोणी कॉलेज रोडवर थ्री-पीस सूटचं माप द्यायला जातं, कोणी लेकीला ऑनलाइन इव्हिनिंग गाऊन शोधायला बसवतं, तर कोणी ‘सुट्टीवर चाललोय, तिथे कोण बघतंय’ म्हणत चार बर्मुडा आणि टी-शर्ट बॅगेत कोंबून मोकळं होतं. दोन्ही टोकं महागात पडतात. पहिल्यात पैसे जातात आणि बॅग जड होते, दुसऱ्यात जेवणाच्या हॉलच्या दारातून परत फिरावं लागतं. लग्नकार्याला, वाढदिवसाला घालतो ते आपले नेहमीचे चांगले कपडे घेतले तरी क्रूझवरच्या जवळजवळ सगळ्या रात्री छान निभावतात, हे मला मनापासून सांगायचं आहे. फक्त कुठे काय चालतं ते निघण्याआधी नीट समजून घ्यायला हवं.

सगळ्या जहाजांना एकच नियम लावणं

शेजारच्यांनी सिंगापूरच्या क्रूझवर काय घातलं होतं, त्यावरून आपण युरोपच्या क्रूझची बॅग भरतो. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. प्रत्येक कंपनीचा रिवाज वेगळा असतो.

रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर मुख्य डायनिंग रूममध्ये सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाला शॉर्ट्स चालतात, रात्री नाही. पोहण्याचे कपडे, बाथरोब आणि सँडोसारखे बिनबाह्यांचे बनियन तिथे चालत नाहीत. कार्निव्हलच्या जहाजांवर साध्या रात्री नीटनेटकी शॉर्ट्स चालून जाते, पण ‘एलिगंट’ म्हणून जाहीर केलेल्या रात्री नाही. अशा रात्री 2 ते 5 दिवसांच्या सफरीत एक आणि 6 किंवा जास्त दिवसांच्या सफरीत दोन असतात. नॉर्वेजियनवर नटण्याची सक्ती नाही. कुनार्ड कंपनी मात्र जुन्या वळणाची आहे. क्वीन मेरी 2 सारख्या तिच्या जहाजांवर संध्याकाळी सहानंतर नीट कपडे अपेक्षित असतात आणि गाला इव्हिनिंगला, म्हणजे तिथल्या फॉर्मल रात्री, पुरुषांनी टक्सिडो (बो-टायसोबतचा काळा सूट) किंवा गडद सूट-टाय घालावा, असं कंपनी सांगते. त्याच नियमात आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो, हे आपल्यासाठी महत्त्वाचं. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या दोन-चार रात्रींच्या सफरीत वातावरण बरंच मोकळं असतं. तिथे चांगला शर्ट-पँट, कुर्ता, सलवार-कमीज, साडी यांत सगळं भागतं.

म्हणून टूरवाल्यांना नुसतं ‘ड्रेस कोड काय?’ असं विचारू नका. जहाजाचं नाव विचारा आणि त्या कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर कपड्यांचं पान स्वतः वाचा. कोणत्या रात्री फॉर्मल आहे, कुठे व्हाइट पार्टी वगैरे आहे, तेही बघून ठेवा. व्हाइट पार्टीसाठी नवीन खरेदी कशाला? घरात पांढरा झब्बा किंवा चिकनचा कुर्ता असतोच.

आणखी एक गोष्ट पत्रकात सहसा लिहिलेली नसते. जहाजावर जेवायच्या जागा अनेक असतात आणि नियम प्रामुख्याने मुख्य डायनिंग रूमचा आणि वेगळे पैसे भरून जायच्या खास रेस्टॉरंटांचा असतो. वरच्या डेकवरच्या बुफेत बहुतेक ठिकाणी साधे कपडे चालतात, फक्त ओले आणि अनवाणी जायचं नाही. ज्या दिवशी कंटाळा आला असेल, पोरं पेंगत असतील, त्या दिवशी सरळ बुफे गाठावा.

घाईघाईने सूट शिवायला टाकणं

ऑफिसला किंवा समारंभाला सूट घालणाऱ्यांनी जरूर न्यावा. पण एका रात्रीसाठी नवा सूट शिवू नका. जोधपुरी बंदगळा, तो नसेल तर चांगल्या कापडाचा कुर्ता-चुडीदार आणि वर नेहरू जॅकेट, पायात पॉलिश केलेले बूट किंवा मोजडी, एवढ्यात फॉर्मल रात्र रुबाबात पार पडते. मुलाच्या मुंजीत शिवलेला बंदगळा कपाटात पडून असेल तर आधी तो अंगात घालून बघा. बटण लागत नसेल तर शिंप्याकडे द्यायला निदान पंधरा दिवस हातात ठेवा, लग्नसराईत तर महिना. बाकीच्या रात्रींसाठी दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि दोन गडद पँट पुरतात. वरचे शर्ट बदलले की तीच पँट पुन्हा चालते, कोणाच्या लक्षातही येत नाही.

आजोबांसाठी धोतर न्यायचं का, असं काही घरांत विचारतात. रोज नेसत असतील तर जरूर न्यावं. मात्र हौसेने पहिल्यांदाच नेसणाऱ्याने हलत्या जहाजावर आणि जिन्यांवर तो प्रयोग करू नये.

बायकोची साडी आणि नवऱ्याची थ्री-फोर्थ

हे दृश्य क्रूझवर नेहमी दिसतं. वहिनी छान काठपदराची साडी नेसून, गजरा नाही तर निदान मोत्याचे कानातले घालून आलेल्या. शेजारी काका थ्री-फोर्थ, गोल गळ्याचा टी-शर्ट आणि फ्लोटर्समध्ये. दारातली मुलगी वहिनींकडे बघून हसते आणि काकांना हळू आवाजात सांगते की आत यायला फुल पँट लागेल. काका म्हणतात, ‘अगं, तू जाऊन बस, मी येतो बदलून.’ वहिनी आत जात नाहीत. दोघंही परत लिफ्टकडे वळतात, केबिन जहाजाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ते परतेपर्यंत टेबलावरच्या बाकीच्यांचं सूप संपलेलं असतं.

यात काकांचा दोष फार नाही. दिवसभर किनाऱ्यावर भटकून आल्यावर तेच कपडे अंगावर राहतात. उपाय सोपा आहे: रात्रीच्या जेवणाचा एकेक जोड निघतानाच वेगळा बांधा, शर्ट-पँट-मोजे सगळं एकत्र. केबिनमध्ये पोचल्यावर तो थेट कपाटात टांगायचा. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठीही हेच करा. फुटबॉलची जर्सी आणि टोपी घालूनच जेवायला यायचा हट्ट करणारे पोरगे आपल्याकडे कमी नाहीत.

पहिल्या रात्रीचे कपडे मोठ्या बॅगेत ठेवणं

नाशिकहून बहुतेक लोक सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून सीएसएमटीला उतरतात किंवा गाडीने कसारा घाट उतरून थेट मुंबईच्या क्रूझ टर्मिनलला, बॅलार्ड पिअरला जातात. टर्मिनलवर पोचताच मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या नंतर केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. त्या यायला कित्येकदा संध्याकाळ उलटते. तोपर्यंत तुम्ही प्रवासाच्या चुरगळलेल्या, घामट कपड्यांत आणि जेवणाची वेळ होऊन गेलेली. पहिल्या रात्रीचा प्रत्येकाचा एक जोड, औषधं, टिकल्या-पिना आणि कंगवा हातातल्या छोट्या बॅगेत ठेवा. परदेशातून बसणार असाल तरी हेच.

प्रवासी इस्त्री सोबत नेणं

आपल्याकडे चार दिवसांच्या लग्नालाही छोटी इस्त्री सोबत नेतात. क्रूझवर ती बॅग तपासताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. समुद्रावर सगळ्यात मोठी भीती आगीची असते, त्यामुळे केबिनमध्ये इस्त्री, कपडे वाफवायचं यंत्र, पाण्याची किटली, मेणबत्ती, उदबत्ती यातलं काही चालत नाही. काही जहाजांवर इस्त्रीची सार्वजनिक खोली असते, काहींवर नसते. धोबीसेवा बहुतेक ठिकाणी असते, पण तिचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

त्यामुळे इस्त्री घरूनच करून न्यायची. शर्ट घडी घालताना आत वर्तमानपत्राऐवजी पातळ टिश्यू पेपर घाला, सुरकुत्या कमी पडतात आणि शाईचे डाग लागत नाहीत. पोचल्यावर सुती किंवा मिश्र कापडाचे कपडे बाथरूममध्ये हँगरला लावून गरम पाण्याचा शॉवर थोडा वेळ सोडला की वाफेने बऱ्याच घड्या सुटतात. रेशमी आणि जरीच्या कपड्यांना मात्र ही वाफ देऊ नका. हँगर पुरत नाहीत, म्हणून दोन-चार लोहचुंबकाचे हूक न्या. बहुतेक केबिनच्या भिंती पोलादी असतात, हूक पटकन बसतात.

ठेवणीतली पैठणी समुद्रावर काढणं

येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे नाशिकच्या बाईला फॉर्मल रात्र म्हटल्यावर पहिली पैठणी आठवणारच. न्यावी, अगदी हौसेने न्यावी. त्या रात्री सगळ्या हॉलमध्ये तिच्याइतकं देखणं वस्त्र क्वचितच दुसरं असतं. पण कोणती न्यायची याचा विचार करा.

लग्नातली भरजरी, अंगभर बुट्ट्यांची, जड पदराची पैठणी घरीच राहू द्या. साध्या काठाची, हलक्या वजनाची घ्या. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तर तिथलेही मोर आणि मुनिया सुलट बाजूसारखेच स्वच्छ दिसतात. यंत्रावरच्या सेमी पैठणीत मागच्या बाजूला सुटे धागे असतात. ते बांगडीत, अंगठीच्या खड्यात, खुर्चीच्या कोपऱ्यात अडकून ओढले जातात. सेमी नेणार असाल तर पदराला आतून पातळ अस्तर किंवा नेट लावून घ्या, पिको-फॉल करणारे हे काम सहज करून देतात.

अत्तर किंवा परफ्यूम साडी नेसण्याआधी मारा आणि वाळू द्या. फवारा जरीवर बसला की जर काळी पडते. उघड्या डेकवर फोटो काढायचा मोह होतो, पण तिथे खारट दमट वारा असतो आणि पदर हातात राहत नाही. फॉर्मल रात्री जहाजाचे फोटोग्राफर आत जिन्याजवळ किंवा मधल्या मोठ्या चौकात पडदे लावून उभे असतात, फोटो तिथेच काढून घ्यावेत. आमटीचा किंवा ग्रेव्हीचा तेलकट डाग पडला तर पाण्याने चोळू नका, रेशमावर पाण्याचा वेगळा डाग उमटतो. कोरड्या टिश्यूने टिपून घ्या, टाल्कम पावडर टाकून ठेवा आणि घरी आल्यावर ड्राय क्लीनला द्या.

नेसायला जागा किती मिळते, तेही लक्षात ठेवा. साधी केबिन दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची, त्यातली बरीच जागा पलंगाने अडवलेली. दोघींना एकाच वेळी निऱ्या करता येत नाहीत. एकीने आधी तयार व्हावं आणि तोवर पुरुषमंडळींनी डेकवर फेरी मारून यावं. वयस्कर बायकांसाठी नऊवारी मला फार सोयीची वाटते. काष्ट्यामुळे जिना चढताना पायात काही येत नाही. शिवलेली नऊवारी घेतली तर पाच मिनिटांत तयारी होते.

सिटिंगची वेळ न बघणं

जुन्या पद्धतीच्या जहाजांवर रात्रीचं जेवण दोन पंक्तींत असतं, पहिली साधारण सहाच्या आसपास आणि दुसरी आठ-सव्वाआठला. किनाऱ्यावरची सहल पाचला संपते आणि पहिली पंक्ती घेतली असेल तर अंघोळ, साडी, मुलांचे केस हे सगळं तासाभरात उरकावं लागतं. नऊला जेवायची सवय असलेल्या घरांनी बुकिंगच्या वेळीच दुसरी पंक्ती मागून घ्यावी.

थंडी आणि चपला

डायनिंग हॉलमध्ये एसी जोरात असतो. बिनबाह्यांचं ब्लाउज असेल तर स्टोल किंवा शाल जवळ ठेवा, लहान मुलांना पातळ स्वेटर. पेन्सिल हील नको, जहाज थोडं जरी डोललं तरी तोल जातो. रुंद टाचेची, आधी घालून सैल झालेली चप्पल बरी.

दारातच अडवलं तर

वाद घालू नका, दारातल्या माणसाच्या हातात काही नसतं. ‘बदलून येतो, टेबल ठेवाल का?’ असं शांतपणे विचारा, बहुतेक वेळा थांबतात. पँटच आणली नसेल तर बरोबरच्या कोणाकडे मागा. नाहीच मिळाली तर सगळ्या कुटुंबाने मिळून बुफेत जावं, तिथेही जेवण भरपूर असतं. जहाजावरच्या दुकानात कपडे मिळतात, पण महाग आणि मापं मोजकी. कंपनीकडे केबिनमध्ये जेवण मागवायची सोय असेल तर तीही वापरता येते, फक्त त्याचे वेगळे पैसे आहेत का ते आधी विचारून घ्या.